निजलेला संगणक जागा होईना, तेव्हा

संगणकाचे झाकण मिटून जेवावयास उठावे, अर्ध्या तासाने येऊन ते उघडावे आणि पाहावे तो पडदा काळा! कळा दाबल्या तरी हालचाल नाही. आत पंखा मात्र फिरतो आहे. अखेरीस चालू-बंदचे बटण दाबून धरावे लागते, आणि मुलाने सकाळपासून लिहिलेला निबंध त्यासरशी नाहीसा होतो. ह्याच्या उलट प्रकारही घडतो. निजला असे समजून दप्तरात ठेवलेला संगणक तासाभराने बाहेर काढावा, तो तापलेला आणि बॅटरी संपलेली; तो निजलाच नव्हता. लिनक्स प्रणाली वापरणाऱ्या घरांतून ही तक्रार विशेष ऐकू येते, व तिचा शेवट बहुधा एकाच वाक्यात होतो : "हे यंत्रच वेडे आहे." वाचकहो, ह्या वाक्याचीच आज थोडी तपासणी करावयाची आहे. यंत्र वेडे नसते. ते कोठेतरी अडलेले असते. कोठे अडले हे शोधण्याची रीत घरी बसून शिकता येण्याजोगी आहे.

त्यासाठी आपण तंजावरच्या परिसरातील, कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील गावांकडे जाऊ. तमिळनाडू शासनाने २०११ च्या सप्टेंबरात सरकारी व अनुदानित शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांस विनामूल्य लॅपटॉप देण्याच्या योजनेस आरंभ केला. त्या संगणकांवर विंडोजच्या जोडीने बॉस लिनक्स ही प्रणालीही देण्यात आली होती. बॉस ही आपल्या देशातील सी-डॅक ह्या संस्थेने डेबियन लिनक्सच्या आधारे तयार केलेली प्रणाली असून तीत तमिळ, मराठी इत्यादी भारतीय भाषांची सोय आहे. तिरुवैयारू, पापनाशम, ओरथनाडू, पट्टुकोट्टै ह्या भागांतील कित्येक शेतकरी व शेतमजूर कुटुंबांत संगणक म्हणून जे यंत्र प्रथम आले, ते अशा रीतीने मुलांच्या हातून आले.

ह्यांपैकी ओरथनाडूचे नाव मराठी वाचकास परके वाटू नये. तंजावरच्या भोसले घराण्यातील दुसरे सरफोजी राजे १७९८ ते १८३२ पर्यंत गादीवर होते. त्यांनी ओरथनाडू येथे मुक्तांबेच्या नावाने छत्र उभारले. रामेश्वरच्या वाटेवरील यात्रेकरूंना तेथे अन्न व आसरा मिळे आणि मुलांच्या शिक्षणाचीही व्यवस्था असे. विद्येचे साधन राजधानीबाहेर, खेड्यापर्यंत गेले पाहिजे, हा विचार त्या मातीत जुना आहे. तथापि साधन पोहोचविणे हे निम्मे कार्य होय. ते चालते राहणे हे उरलेले निम्मे. जे यंत्र झाकण मिटताच रुसून बसते, ते चार-सहा महिन्यांत कपाटाच्या वरच्या फळीवर जाते, आणि मग योजना कितीही उदार असली तरी त्या घरापुरती ती संपते.

झोपेचा हा प्रश्न शहरापेक्षा खेड्यात अधिक महत्त्वाचा आहे, हेही ध्यानात घ्यावयास हवे. २०१२ साली तमिळनाडूत विजेची तीव्र टंचाई होती व चेन्नईबाहेरील भागांत दिवसातून अनेक तास वीज नसे. पुढे १६ नोव्हेंबर २०१८ रोजी 'गजा' चक्रीवादळाने ह्या प्रदेशाला तडाखा दिला; नारळीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब कोसळले आणि कित्येक गावे बरेच दिवस अंधारात राहिली. वीज केव्हा येईल ह्याचा नेम नसतो, तेथे बॅटरीतील प्रत्येक टक्क्याला मोल असते. काम थांबविताच यंत्राने निमूटपणे निजावे आणि हाक मारताच जेथल्या तेथे उठावे, ही तेथे चैन नसून अभ्यासाची अट आहे.

आता संगणकाची झोप म्हणजे काय ते पाहू. ती तीन प्रकारची असते. पहिला प्रकार खऱ्या निद्रेचा. ह्यात प्रक्रियक, पडदा, डिस्क ही सर्व बंद होतात. केवळ तात्पुरत्या स्मृतीस, म्हणजे रॅमला, थोडा वीजपुरवठा चालू राहतो. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एसीपीआय ह्या प्रमाणपद्धतीत हिला एस-३ असे नाव आहे. दुसरा प्रकार डुलकीचा. ह्यात यंत्र पुरते बंद न होता सर्व भाग जमेल तितके स्वस्थ बसतात. जाग चटकन येते, पण वीज कित्येकदा अधिक खर्च होते. तिसरा प्रकार हायबरनेट नावाचा. ह्यात स्मृतीत असलेले सर्व काही डिस्कवर उतरवून ठेवून यंत्र पूर्ण बंद होते. मग बॅटरी काढून ठेवली तरी हरकत नाही; पुन्हा सुरू केल्यावर सारे डिस्कवरून परत वाचले जाते. पहिल्या दोन प्रकारांत मात्र बॅटरी मध्येच संपली, तर न जतन केलेले काम गेलेच म्हणून समजावे.

निजण्याचे कार्य एका क्षणात होत नाही. त्याला क्रम आहे. लिनक्सचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो प्रथम डिस्कवर लिहावयाचे राहिलेले लिहून टाकतो. नंतर चालू असलेले कार्यक्रम गोठवितो. त्यानंतर एकेका उपकरणाला, म्हणजे वायफाय, ध्वनी, चित्रपटल, यूएसबीची दारे ह्यांना, त्यांच्या त्यांच्या ड्रायव्हरमार्फत थांबण्याची आज्ञा देतो. मग एक सोडून बाकीचे प्रक्रियक बंद करतो आणि अखेरीस सर्व सूत्रे यंत्राच्या मूळ फर्मवेअरच्या हाती देतो. जागे होताना हाच क्रम उलटा चालतो. ह्या साखळीतील एक कडी हट्टाला पेटली की सारी साखळी अडते. आणि आपल्याला मात्र एक काळा पडदा तेवढा दिसतो.

कावेरीच्या खोऱ्यातील शेतकऱ्यास ही स्थिती नवी नाही. धरणात साठा पुरेसा असेल तर १२ जूनला मेट्टूरचे पाणी सोडावयाचे, असा तेथील प्रघात आहे. काही दिवसांनी ते कल्लणै ह्या प्राचीन बंधाऱ्याशी पोहोचते. तेथून ते कावेरी, वेण्णार व ग्रँड अ‍ॅनिकट कालवा ह्यांत वाटले जाते, आणि पूर आल्यास जादा पाणी कोळ्ळिडम नदीत सोडतात. पुढे शाखा, उपशाखा, पाट असे करीत ते शेवटच्या शेतापर्यंत जावयाचे. ह्या शेवटच्या टोकाला तमिळमध्ये 'कडैमडै' म्हणतात, आणि पाणी न पोहोचण्याचे दुःख नेहमी तेथेच असते. परंतु आपले शेत कोरडे राहिले म्हणून पाटकरी मेट्टूरचे धरण दुरुस्त करावयास धावत नाही. तो पाटाच्या काठाकाठाने वर चालू लागतो. हे दार कोरडे, त्यावरचे कोरडे, त्याच्याही वरचे ओले. मग त्याला कळते की बिघाड शेवटच्या ओल्या दाराच्या आणि पहिल्या कोरड्या दाराच्या मध्ये आहे. तेथे कधी गाळ सापडतो, कधी अडकलेली फांदी.

आपल्या संगणकाच्या बाबतीतही हेच करावयाचे आहे. कोठवर ठीक चालले आणि कोठून बिघडले, ह्या दोन खुणा सापडल्या की दोषाचे ठिकाण आपोआप आकुंचित होते. हे न करता ऐकीव उपाय एकामागून एक लादत गेलो, तर यंत्र दुरुस्त झाले तरी कशाने झाले ते कळत नाही. आणि बिघडले तर दोषांत आणखी एकाची भर पडते.

पहिला प्रश्न असा : यंत्र निजतच नाही, निजून आपोआप उठते, की निजल्यावर उठत नाही? ह्या तीन निरनिराळ्या व्याधी आहेत.

यंत्र निजतच नसेल, तर बहुधा कोणीतरी त्याला निजू देत नसते. चित्रफीत दाखविणारा किंवा मोठी फाईल उतरविणारा कार्यक्रम 'आत्ता झोपू नका' असे प्रणालीस सांगून ठेवतो. अशा अडविणाऱ्यांची यादी 'सिस्टिमडी-इनहिबिट' ह्या आज्ञेने पाहता येते. (येथे सांगितलेल्या सर्व आज्ञा व नावे संगणकावर लहान रोमन अक्षरांतच टाइप करावयाची आहेत.) झाकण मिटल्यावर काय करावे ह्याची मांडणीही एकदा तपासावी, बाहेरचा पडदा जोडलेला असताना झाकण मिटले तरी निजू नये, अशी योजना पुष्कळदा मुळातच असते.

यंत्र निजून लगेच उठत असेल, तर त्याला कोण उठवितो ते पाहावे. यूएसबीच्या दाराला जोडलेला माउस टेबलाच्या धक्क्याने हलला, तरी तेवढे पुरते. सर्व बाहेरची उपकरणे काढून एकदा निजवून पाहावे. यंत्र शांत निजले, तर एकेक उपकरण परत जोडीत जावे. दोषी सापडल्यावर त्याचा उठविण्याचा हक्क तेवढा काढून घेता येतो. असे हक्क असणाऱ्यांची यादी 'प्रॉक' ह्या संचिकेत, 'एसीपीआय' खाली, 'वेकअप' नावाच्या फाईलमध्ये असते.

तिसरी व्याधी, निजल्यावर न उठण्याची, सर्वांत त्रासदायक. तेथे घाईने बटण दाबून धरण्यापूर्वी एक साधी परीक्षा करावी. कॅप्सलॉकची कळ दाबावी. तिचा दिवा लागला-विझला, तर यंत्र जागे असून केवळ पडदा अंध आहे. दोष चित्रपटलाच्या ड्रायव्हरकडे आहे, असे मानण्यास जागा होते. अशा वेळी कंट्रोल, ऑल्ट व एफ-३ ह्या कळा एकत्र दाबल्यास पुष्कळदा अक्षरांचा साधा पडदा प्रकट होतो व काम वाचविता येते. दिवा लागत नसेल, तर गाभाच अडलेला असण्याचा संभव अधिक. तेव्हाही ऑल्ट व सिसआरक्यू ह्या कळा दाबून धरून क्रमाने एस, यू, बी ह्या कळा सावकाश दाबाव्यात. बहुतेक कळफलकांवर सिसआरक्यूची कळ प्रिंटस्क्रीनच्याच कळेवर असते. एस ने राहिलेले लेखन डिस्कवर जाते, यू ने डिस्क पुढील लेखनास बंद होते, बी ने यंत्र नव्याने सुरू होते. गाभ्यात थोडी धुगधुगी उरली असेल तर हा उपाय चालतो, आणि बटण दाबून धरण्यापेक्षा तो निश्चितच सौम्य आहे.

यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर त्याची रोजनिशी वाचावी. लिनक्स आपल्या प्रत्येक कृतीची नोंद ठेवते. 'जर्नलसीटीएल' हा शब्द, पुढे जागा सोडून वजा-चिन्ह व बी, पुन्हा जागा सोडून वजा-चिन्ह व १, अशी आज्ञा दिली की मागील खेपेची नोंद दिसते. मात्र नोंदी डिस्कवर टिकविण्याची सोय चालू असली पाहिजे. शेवटच्या ओळींवर विशेष लक्ष द्यावे. तेथे 'सस्पेंड एंट्री' असे शब्द असून पुढे 'सस्पेंड एक्झिट' नसेल, तर यंत्र निजावयास निघाले पण परतले नाही, असा त्याचा अर्थ. एखाद्या उपकरणाचे नाव घेऊन 'फेल्ड' असे लिहिलेले असेल, तर पाटकऱ्याला कोरडे दार दिसलेच म्हणावयाचे.

नोंद मुकी असेल, तर टप्प्याटप्प्याने परीक्षा घ्यावी. त्यासाठी गाभ्यातच एक सुंदर सोय करून ठेवलेली आहे. 'सिस' संचिकेतील 'पॉवर' मध्ये 'पीएम_टेस्ट' नावाची फाईल असते. काही प्रणालींत ही सोय वगळलेली असते, एवढेच. तीत क्रमाने पाच टप्प्यांची नावे लिहिता येतात : फ्रीझर, डिव्हायसेस, प्लॅटफॉर्म, प्रोसेसर्स आणि कोअर. 'फ्रीझर' लिहून यंत्रास निजावयास सांगितले, तर ते केवळ कार्यक्रम गोठविण्यापर्यंत जाते, सुमारे पाच सेकंद थांबते आणि परत येते. 'डिव्हायसेस' लिहिल्यास उपकरणे थांबविण्यापर्यंत जाऊन परतते. असे एकेक दार पुढे सरकावे. पहिला टप्पा सुखरूप आणि दुसऱ्यात यंत्र अडले, तर दोष कोण्या उपकरणाच्या ड्रायव्हरात आहे हे ठरले. पाचही टप्पे सुखरूप पार पडले आणि खरी झोप तेवढी फसली, तर फर्मवेअरकडे बोट दाखवावे लागते. परीक्षेपूर्वी सर्व फाईली जतन कराव्यात, आणि परीक्षा संपल्यावर त्या फाईलीत 'नन' हा शब्द लिहून ती सोय बंद करावी.

ह्याहून खोल जाणारी एक युक्ती आहे. तिचे नाव 'पीएम_ट्रेस'. यंत्र पुरते अडल्यावर स्मृती पुसली जाते, डिस्कवर लिहिता येत नाही. मग शेवटचे उपकरण कोणते होते हे टिपून कोठे ठेवावयाचे? गाभ्याच्या कर्त्यांनी त्यासाठी संगणकातील घड्याळाचा उपयोग केला. ते निराळ्या छोट्या बॅटरीवर चालत असल्यामुळे यंत्र बंद केले तरी टिकते. त्याच्या तारीख-वेळेच्या आकड्यांत त्या उपकरणाची खूण सांकेतिक रूपाने लिहिली जाते व पुढच्या आरंभी वाचली जाते. अर्थात घड्याळ त्यानंतर भलतीच तारीख दाखविते, ते नव्याने लावावे लागते. म्हणून हा प्रयोग जाणत्याच्या हातूनच व्हावा.

दोषाचे स्थान समजले की उपाय अवघड नाहीत. वायफायसारखे एखादे उपकरण अडवीत असेल, तर निजण्यापूर्वी त्याचा ड्रायव्हर उतरवून जागे झाल्यावर पुन्हा चढविणारी चार ओळींची आज्ञावली करून ठेवता येते. नवी आवृत्ती घेतल्यावर बिघाड सुरू झाला असेल, तर आरंभीच्या यादीतून जुना गाभा निवडून पाहावा. जुन्या गाभ्यावर सारे सुरळीत चालले, तर दोष यंत्राचा नसून नव्या आवृत्तीचा आहे, हे सिद्ध झाले. चित्रपटलाचे ड्रायव्हर कित्येकदा दोन प्रकारचे मिळतात. एक बाधत असेल तर दुसरा लावून पाहावा. उत्पादकाने फर्मवेअरची सुधारलेली आवृत्ती दिली असेल, तर तीही घ्यावी. परंतु ती चढविताना वीज जाता कामा नये. बॅटरी भरलेली असून चार्जर जोडलेला असेल, तेव्हाच तिला हात लावावा. वीज बेभरवशाची असलेल्या गावात ही सूचना दोनदा वाचावी.

झोपेचा प्रकारही तपासून पाहावा. त्याच 'पॉवर' संचिकेतील 'मेम_स्लीप' ही फाईल उघडली की 'एस२आयडल' व 'डीप' अशी नावे दिसतात व चालू असलेल्या नावाभोवती चौकोनी कंस असतो. पहिले नाव डुलकीचे, दुसरे खऱ्या निद्रेचे. दप्तरात यंत्र तापत असेल व 'डीप' हा पर्याय उपलब्ध असेल, तर तो निवडून पाहावा. कित्येक नव्या यंत्रांत तो मुळीच नसतो. तेथे दूरच्या प्रवासापूर्वी किंवा रात्री हायबरनेटच इष्ट. मात्र त्यासाठी डिस्कवर 'स्वॅप' नावाची राखीव जागा लागते. ती रॅमइतकी असावी, म्हणजे अडचण पडत नाही.

विंडोज व लिनक्स दोन्ही असलेल्या यंत्रांविषयी एक इशारा देणे आवश्यक आहे. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' अशी सोय आली. ती चालू असता आपण विंडोज बंद केले असे समजतो, पण ते अर्धवट निजलेले असते व डिस्कच्या आपल्या भागाचे चित्र मनाशी धरून असते. त्या स्थितीत लिनक्समधून त्याच भागात काही लिहिले, तर दोघांच्या हिशेबात मेळ राहत नाही व फाईली नष्ट होण्याचा धोका असतो. म्हणून ती सोय बंद ठेवावी, आणि एक प्रणाली हायबरनेट केलेली असताना दुसरीतून तिच्या भागास हात लावू नये.

शेवटी दोन सूचना खर्चाशिवाय पाळण्याजोग्या. एक, एका वेळी एकच बदल करावा आणि तो साध्या वहीत तारखेसह लिहून ठेवावा : काय बदलले, किती वेळा निजवून पाहिले, किती वेळा उठले. एकदा उठले म्हणजे बरे झाले असे मानू नये. दहा वेळा निजवून उठवावे, मगच पुढे जावे. दुसरी, जुन्या बॅटरीचा दोष प्रणालीच्या माथी मारू नये. आठ-दहा वर्षे वापरलेली बॅटरी निजलेल्या यंत्रासही दोन तास पोसू शकत नसेल, तर तेथे कोणतीही आज्ञा उपयोगी पडणार नाही.

काही यंत्रे एवढे करूनही सुधारत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. उत्पादकाचे फर्मवेअरच सदोष असेल आणि नवी आवृत्ती येत नसेल, तर निद्रेचा नाद सोडून हायबरनेट वापरावे. तेही न साधल्यास काम जतन करून यंत्र सरळ बंद करावे. परंतु हा निर्णय तपासणीअंती घेतलेला असावा, कंटाळ्याने नव्हे. त्या वहीतील नोंदीही वाया जात नाहीत. लिनक्सचा गाभा सर्वांस खुला आहे. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्याने तो लिहावयास घेतला, तेव्हापासून असंख्य माणसांच्या अशाच बारीक नोंदींवर तो सुधारत आला आहे. कोणते यंत्र, कोणता गाभा, कोणत्या टप्प्यावर अडले, एवढ्या तीन गोष्टी नीट लिहून कळविल्या, तर पट्टुकोट्टैजवळच्या खेड्यातील एका मुलीची तक्रार जगाच्या दुसऱ्या टोकाच्या अभियंत्यास उपयोगी पडते, आणि तिने सुचविलेली दुरुस्ती उद्या आपल्या घरच्या यंत्रातही येते.

म्हणून घरातील संगणक पुढच्या वेळी काळा पडदा दाखवील, तेव्हा त्यास वेडा ठरविण्यापूर्वी मुलांना जवळ बोलवावे, वही पुढे घ्यावी आणि त्यांना एवढेच विचारावे : सगळे ठीक होते असे शेवटचे ठिकाण कोणते?